सर्व आवश्यक कागदपत्रे

त्या कारखान्यात तिला सर्वजण वहिनी म्हणत असत. खरे पाहता ती एकाच माणसाची वहिनी होती. गॅसकटिंग करणारा कारागीर हा तिचा सख्खा दीर होता. तो दिवसभर "वहिनी, ये", "वहिनी, बघ" असा पुकारा करीत असे, त्यामुळे वेल्डर, रंगारी, पहारेकरी आणि अखेरीस मॅनेजरसाहेबही तिला वहिनीच म्हणू लागले. ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि त्यांतील सव्वीस वर्षे तिने पोलादावर नंबर ठोकण्यात घालविली होती.

हे काम काय असते, ते प्रथम सांगणे आवश्यक आहे. त्या कारखान्यात जास्त दाब सहन करणाऱ्या मोठ्या टाक्या तयार होत. टाकीसाठी पोलादाच्या जाड प्लेटा येत आणि प्रत्येक प्लेटेच्या एका कोपऱ्यावर एक नंबर असे. ते पोलाद कोणत्या भट्टीत, कोणत्या वेळी ओतले आणि त्याची ताकद किती भरली, हे सर्व त्या नंबरावरून कळते. परंतु प्लेट कापली की नंबर एका तुकड्यावर राहतो आणि बाकीचे तुकडे अनाथ होतात. म्हणून कापण्याच्या आधी प्रत्येक तुकड्यावर तोच नंबर हातोडीने ठोकावा लागतो. वहिनीजवळ एक लाकडी पेटी होती. तीत अंकांचे आणि अक्षरांचे पोलादी ठसे ओळीने मांडलेले असत. ती एकेक ठसा उचलून प्लेटेवर उभा धरी, एकच घाव घाली आणि सर्व अंक उमटले की बोटाने चाचपून म्हणे, "बसला."

तिने "बसला" म्हटल्यावाचून दीर गॅस पेटवीत नसे. ही दोघांची रीत होती. ती कोठेही लिहिलेली नव्हती आणि ती लिहावी असे कोणाला कधी वाटलेही नव्हते.

त्या बुधवारी खरेदीदाराकडून तपासनीस बाई आल्या. खत तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याने ही टाकी मागविली होती. त्यांचा कारखाना दुरुस्तीसाठी ठरलेल्या तारखेपासून बंद राहणार होता आणि त्याच मुदतीत जुनी टाकी काढून ही बसवायची होती. टाकी तयार होती. पाण्याच्या दाबाची चाचणी झाली होती, भट्टीत शेकून झाली होती, करडा रंगही चढला होता. शनिवारी सकाळी ट्रेलर येणार होता. तेव्हा बाईंनी सही करावी आणि चहा घेऊन परतावे, इतकेच काय ते उरले आहे अशी सर्वांची समजूत होती.

कागदपत्रांचे काम ज्यांच्याकडे होते त्यांना सर्वजण शिक्केसाहेब म्हणत. त्यांच्या टेबलावर अकरा रबरी शिक्के होते आणि जेवणाच्या डब्याखेरीज त्यांनी कशावरही शिक्का मारायचे सोडले नव्हते. त्यांनी लाल फाईल पुढे केली. बाईंनी ती शेवटपर्यंत उलटली आणि मिटली.

"यात नोंदवही कुठे आहे?"

"कसली नोंदवही?"

"कुठला तुकडा कुठल्या प्लेटमधून कापला, कोणी नंबर ठोकला, कोणी पाहिला. तुकड्यागणिक."

"तसं करारात म्हटलेलं नाही, बाई."

"करारात म्हटलंय, मालासोबत सर्व आवश्यक कागदपत्रे द्यावीत."

"तेच तर. आम्हाला जी आवश्यक वाटली ती सगळी दिली."

"आणि मला ही आवश्यक वाटते."

मॅनेजरसाहेब मध्ये पडले. "बाई, आधी चहा घेऊ. मग बोलू."

"चहा करारात आहे का?" बाई हसल्या नाहीत. "तर मग टाकीच पाहू."

वहिनी त्या वेळी दाराशी उभी होती, कारण तिला बोलावून घेतले होते. दोन शहाणी माणसे एकाच ओळीवर बोट ठेवून दोन गोष्टी वाचत आहेत, हे तिने पाहिले. तिला त्याचे फारसे काही वाटले नाही. नंबर तिचे होते आणि ते पोलादात होते. कागद नसला म्हणून पोलाद काही बोलायचे थांबत नाही, असा तिचा विश्वास होता.

टाकीचे तुकडे बावीस होते. रंगाऱ्याने कुरकुर करीत प्रत्येक ठिकाणचा रंग खरवडला. बाई एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात भिंग घेऊन शिडीवर चढत, उतरत, नंबर वाचत आणि आपल्या वहीत लिहीत. एकवीस तुकड्यांवर नंबर सापडले, स्वच्छ, एका रेषेत. बाई वहिनीकडे वळून म्हणाल्या, "मावशी, हात चांगला आहे तुमचा." वहिनीला बरे वाटले.

बाविसावा तुकडा म्हणजे एक कडे होते. माणूस टाकीत उतरण्यासाठी जे गोल तोंड ठेवतात, त्याच्याभोवती बळकटीसाठी पोलादाचे रुंद कडे वेल्ड करतात. त्या कड्यावरचा रंग संपूर्ण काढला तरी नंबर मिळाला नाही. ग्राइंडर फिरवून पाहिला, तेल लावून पाहिले. कडे आरशासारखे चकाकू लागले, पण त्यावर काहीही नव्हते.

"वहिनी," मॅनेजरसाहेबांनी विचारले, "ठोकला होता ना?"

"ठोकला असेल," वहिनी म्हणाली.

सव्वीस वर्षांत "असेल" हा शब्द तिच्या तोंडून कामाच्या बाबतीत प्रथमच निघाला होता. तो बाहेर पडताच तिचे तिलाच कसेसे झाले.

बाईंनी सांगितले ते असे. शुक्रवारी दुपारपर्यंत या कड्याचा पुरावा मिळाला नाही, तर कडे कापून काढावे लागेल. नवे कडे बसवून टाकी पुन्हा भट्टीत शेकावी लागेल आणि चाचणीही पुन्हा करावी लागेल. त्याला बारा दिवस लागतील. शनिवारचा ट्रेलर रिकामा परत जाईल. आणि हे कोणामुळे झाले, तेही अहवालात येईल.

त्या दिवसापासून वहिनीच्या पायाला जणू भिंगरी लागली. ती बसली की उठे आणि उठली की कोठे जायचे ते तिला आठवत नसे. घरी जाऊबाईंनी ताट वाढले. वहिनीने दोन घास घेतले, उठून हात धुतले आणि पुन्हा येऊन ताटावर बसली.

"अहो, काय हे," जाऊबाई म्हणाल्या. "हात धुऊन परत जेवतंय का कोणी?"

"मी ठोकला होता की नाही?" वहिनीने विचारले.

"मला काय विचारता? मी भात लावला होता, एवढं मला ठाऊक आहे."

दीर खाली मान घालून जेवत राहिला. तो एरवी बोलका माणूस होता, परंतु त्या दिवशी त्याने मीठही हाताच्या खुणेने मागितले.

वहिनीला कोणी रागावले असते तर ते तिने सोसले असते. तिला छळत होते ते निराळेच. एकवीस तुकडे ठोकल्याचे तिला आठवत होते. अमका तुकडा वाकलेल्या कोपऱ्याचा होता, अमक्याला घाव घालताना हातोडीचा दांडा सैल झाला होता. परंतु कड्याचा विचार केला की समोर नुसता गोल येई, आणि तो गोल रिकामा असे. विसरले असे म्हणावे तर विसरल्याचेही आठवत नव्हते. वयामुळे डोके दगा देऊ लागले की काय, या शंकेने तिचे मन तिला खाऊ लागले. डोके दगा देत असेल, तर पूर्वीच्या शेकडो टाक्यांवर तिने जे "बसला" म्हटले, त्याचे काय?

गुरुवारी सकाळी शिक्केसाहेबांनी तिला खोलीत बोलावले. टेबलावर एक नवी नोंदवही होती. कव्हरचा कोपरा मुद्दाम चुरगळून तिला जुनेपण आणलेले होते. आत बावीस ओळी, बावीस तुकडे, बावीस नंबर आणि चार महिन्यांपूर्वीच्या तारखा होत्या. शेवटचे दोन रकाने मोकळे होते. नंबर ठोकणाऱ्याची सही आणि कापणाऱ्याची सही.

"वाचता येतं ना?" शिक्केसाहेबांनी विचारले.

"सावकाश येतं." ठसे हाताळून तिला अक्षरे आधी ओळखता येऊ लागली होती आणि वाचणे मागाहून आले होते.

"सावकाश वाचा आणि भराभर सह्या करा. बावीस."

"एकवीस करते."

"वहिनी, ही भाजी नाही, एक जुडी कमी घ्यायला. नोंदवही पुरी तरी असते किंवा नसते."

"पण ही तुम्ही काल लिहिलीत."

"काल लिहिली म्हणून खोटी होते का? तुम्ही ठोकले ते खरं, दिरांनी कापले ते खरं. फक्त लिहायचं राहिलं. का राहिलं? तर करारात कोणी स्पष्ट लिहिलं नाही, की बाबा, हा हा कागद, अशा अशा वेळी, अमक्याच्या सहीचा हवा. मी आजवर सतरा टाक्या त्याच एका ओळीवर पाठवल्या. माझं काय चुकलं ते सांगा."

वहिनीला त्यांचे काही चुकले असे सांगता येईना. तिने बाविसावी ओळ पुन्हा वाचली. कडे. नंबर. तारीख. तीत सर्व काही होते, फक्त तिला ते आठवत नव्हते.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या दुपारपर्यंतच आहे उद्या," शिक्केसाहेब म्हणाले आणि त्यांनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली.

जेवणाच्या सुटीत ती कटिंगच्या जागेवर गेली. दीर सिलिंडरपाशी बसून डबा उघडत होता. तिने भिंतीवरचा खडू घेतला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊजी, त्या दिवशी ते कडं कसं आखलंत, तसं इथे जमिनीवर आखा."

"वहिनी, जेवू दे की."

"आखा म्हणते ना."

त्याने उठून दोरी धरली आणि एक मोठा गोल काढला. वहिनी त्या गोलापाशी उकिडवी बसली. तिने हातात हातोडी आहे असे मानले, दुसऱ्या हातात ठसा आहे असे मानले, डोळे मिटले आणि हात सवयीने जेथे जाईल तेथे जाऊ दिला. डोळे उघडले तेव्हा तिचा हात गोलाच्या बरोबर मध्यावर होता. भरीव तुकड्यावर नंबर नेहमी मध्येच ठोकतात, कारण कडा पुढे घासल्या जातात.

"आता आतला गोल काढा," ती म्हणाली.

दीर जागचा हलला नाही.

"भाऊजी, कड्याला आत भोक असतं. तो गोल काढा."

"त्या दिवशी तो काढलाच नव्हता," तो हळू म्हणाला. "भोकाचं माप आलं नव्हतं. ड्रॉइंगवर तिथे नुसतं 'नंतर कळवू' होतं. दोन दिवसांनी फोनवर आलं. मग मी आतलं कापलं."

"आणि मला हाक मारली नाहीत."

"नंबर होता ना त्याच्यावर. म्हटलं, वहिनीला कशाला उठवायचं."

"नंबर होता. तो ज्या भागावर होता, तोच भाग तुम्ही कापून काढलात."

आता तिला सर्व स्पष्ट आठवले. भरीव गोल, मधोमध तिचा नंबर, तिचे "बसला". ती विसरली नव्हती. तिचे डोके शाबूत होते. तिला क्षणभर इतके हलके वाटले की ती खाली बसली. परंतु दुसऱ्याच क्षणी ती पुन्हा उठली, कारण आतून निघालेली ती पोलादी चकती मिळाली तर पुरावा मिळणार होता. ती भंगाराच्या कोठाराकडे जवळजवळ धावत गेली. कोठार झाडून ठेवलेले होते. भंगाराची गाडी दर महिन्याला येत असे आणि त्यानंतर ती चार वेळा येऊन गेली होती. चकती केव्हाच वितळून दुसरे काहीतरी झाली असणार.

दीर तिच्या मागे येऊन उभा राहिला. "वहिनी, त्या वहीवर सही करून टाक. नंबर खरा आहे. प्लेटही तीच आहे. तुझं-माझं दोघांचं भागेल."

"आणि नंबर कुठे आहे म्हणून विचारलं तर?"

"ग्राइंडरने गेला म्हणायचं."

"ग्राइंडर तर काल त्या बाईंच्या डोळ्यांदेखत फिरवला, नंबर सापडेना म्हणून."

"मग खरं सांगशील? मला गेल्या वर्षी ताकीद मिळालीय, ठाऊक आहे ना तुला? आता दुसरी मिळाली की कापायचा गॅसटॉर्च काढून घेतील आणि घासकामावर बसवतील. या वयात पोरांच्या ओळीत बसून पत्र्याच्या कडा घासू?"

या कारखान्यात दिराला तिनेच आणले होते. परंतु तिचे यजमान वारले त्या वर्षापासून घरात तिचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. त्याच घरात त्याच्या समोर बसून तिला रोज जेवायचे होते.

दुपारभर तिने चौदा तुकड्यांवर नंबर ठोकले आणि प्रत्येक तुकडा दोनदा तपासला. घरी आल्यावर तिने कोणी सांगितल्यावाचून पाण्याचे पिंप घासले, मग धुतलेली भांडी पुन्हा धुतली. जाऊबाई दाराला टेकून पाहत होत्या.

"हे म्हणतात, तुम्ही यांना बुडवणार."

"मी माझ्यापुरतं सांगणार," वहिनी म्हणाली.

"एका घरात माझ्यापुरतं काय असतं?" जाऊबाईंनी विचारले.

वहिनी पातेले पालथे घालीत राहिली. तिला जाऊबाईंचा राग आला नाही. प्रश्न बरोबरच होता.

शुक्रवारी दहा वाजता सर्वजण मॅनेजरसाहेबांच्या खोलीत जमले. शिक्केसाहेबांनी नोंदवही तपासनीस बाईंसमोर उघडून ठेवली आणि पेन वहिनीच्या हातात दिले. "सह्या राहिल्यात तेवढ्या," ते म्हणाले.

वहिनीने पेन टेबलावर ठेवले. तिने वाक्ये मनात आधीच रचून आणली होती आणि ती त्याच क्रमाने सांगितली. "ही वही परवा लिहिलेली आहे. एकवीस ओळी खऱ्या आहेत, तेवढ्या मी आजची तारीख घालून सही करते. बाविसावा नंबर मी ठोकला, पण गोलाच्या मध्ये ठोकला. नंतर मधला भाग कापला गेला आणि भंगारात गेला. कडं त्याच प्लेटचं आहे, हे मला माहीत आहे. ते दाखवायला माझ्याजवळ काही नाही."

शिक्केसाहेबांनी कपाळाला हात लावला. मॅनेजरसाहेब खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंनी नोंदवही मिटली. "मावशी, तुमचं बोलणं मला खरं वाटतं. पण दहा वर्षांनी ही टाकी तपासायला जो येईल, त्याला मला काय वाटलं ते कळणार नाही. त्याला फक्त कागद दिसेल आणि कडं दिसेल."

"म्हणूनच सांगितलं," वहिनी म्हणाली.

"मधला भाग कापताना तुम्हाला बोलावलं होतं का?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होते. ती दोन दिवस ज्या एका गोष्टीमुळे घरभर आणि कारखानाभर फिरत होती, ती हीच होती. तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवला.

"ते मी सांगणार नाही. कापणाऱ्याला विचारा."

दिराला बोलावण्यात आले. तो चष्मा कपाळावर चढवून, हात फडक्याला पुसत आत आला. त्याने प्रथम वहिनीकडे पाहिले. काय बोलणे झाले आहे, हे तो तिच्या चेहऱ्यावरून शोधीत होता, आणि वहिनीने मुद्दाम चेहऱ्यावर काहीही येऊ दिले नाही.

"नाही बोलावलं," तो अखेरीस म्हणाला. "माप फोनवर आलं. नंबर आहेच म्हणून कापलं. चूक आहे. पण साहेब, ड्रॉइंगवर 'नंतर कळवू' लिहिणाऱ्यालाही कोणी इथे उभं करा. मी एकटाच का?"

"त्याचंही अहवालात लिहू," बाई म्हणाल्या. "माप आमच्याकडून उशिरा आलं. मी बघितलंय."

ट्रेलर शनिवारी रिकामा परत गेला. कडे कापून काढले, नवे बसविले, टाकी पुन्हा भट्टीत गेली आणि तेरा दिवस उशिराने निघाली. दिराला दुसरी ताकीद मिळाली आणि दोन महिने घासकाम करावे लागले. त्यांतले पहिले आठ दिवस तो वहिनीशी बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने "कडा घासून घासून माझ्या बोटांवरचे ठसेच गेले, आता अंगठाही लावता येणार नाही" असे जाऊबाईंना उद्देशून, परंतु वहिनीला ऐकू जाईल असे सांगितले. तेव्हा ती हसली आणि तोही हसला. पूर्वीसारखे मात्र सर्व झाले, असे म्हणता येणार नाही.

पुढच्या टाकीचा करार झाला तेव्हा त्याला चार पानांची यादी जोडलेली होती. कोणता कागद, कोणी लिहायचा, कोणी पाहायचा, कोणत्या टप्प्याला द्यायचा आणि तो दिल्यावाचून पुढचे काम सुरू करायचे नाही. ती यादी पक्की करताना बाईंनी वहिनीलाही बसविले होते. "कापण्याआधी नंबर ठोकावा" असे शिक्केसाहेबांनी लिहिले होते. वहिनीने ते सावकाश वाचले आणि म्हणाली, "'प्रत्येक कापण्याआधी' असं लिहा. एकच तुकडा दोनदा कापतात." ते तसे लिहिले गेले.

परंतु त्या शुक्रवारची हकिकत येथे पुरी करणे उचित होईल. अहवाल त्याच खोलीत टाइप झाला. त्यात चूक कशी झाली ते तीन ओळींत होते आणि खाली दोन सह्यांची जागा होती. वहिनीने आपले नाव लिहिले. त्याला बराच वेळ लागला आणि शेवटच्या अक्षराची रेघ कागदाबाहेर गेली. दिराने तिच्या खाली सही केली.

"किती प्रती काढू?" शिक्केसाहेबांनी विचारले.

"दोन," मॅनेजरसाहेब म्हणाले. "एक त्यांना, एक आपल्याला."

"आणि आम्हाला?" वहिनी म्हणाली.

"कामगारांना प्रत द्यायची करारात तरतूद नाही, वहिनी."

बाई बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत होत्या. "करारात अजून कशाचीच नव्हती," त्या म्हणाल्या. "चार काढा."

वहिनीने आपली प्रत उभ्याउभ्याच वाचायला घेतली. बाहेरून तिला कोणीतरी हाक मारली, प्लेट आली होती. ती हलली नाही. तिसरी ओळ अजून व्हायची होती.